तिजोरीच्या दोन कसोट्या

एखादी वस्तु तिजोरींत ठेविली म्हणजे आपण निश्चिंत होतों. परंतु ही निश्चिंती कशापासून, आणि किती वेळपर्यंत, हे दोन प्रश्न आपण क्वचितच विचारतों. कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या परिचयाच्या एका कुटुंबाच्या घरास आग लागली. ती विझल्यावर पाहतात तों लोखंडी कपाट जागच्या जागीं उभें होतें आणि कुलूपहि शाबूत होतें. आंतील दागिने व नाणीं मिळालीं. पण घराचें खरेदीखत आणि मुलांचीं प्रमाणपत्रें यांचे काळे पापुद्रे तेवढे हातीं आले. ज्वाळा आंत शिरल्याच नाहींत, मग कागद जळाले कसे, हें त्या माउलीस उमजेना.

याचें कारण असें कीं, लोखंड चोरास अडवितें, परंतु उष्णतेस वाट देतें. कागद सुमारें २३० अंश सेल्सियसला पेट घेतो आणि त्यापूर्वींच करपूं लागतो. घराच्या आगीचें उष्णतामान याहून पुष्कळच अधिक असतें. म्हणून अग्निरोधक तिजोरीच्या दोन पत्र्यांमध्यें जलांश धरून ठेवणारें द्रव्य भरितात. इंग्लंडांतील लिव्हरपूल येथील टॉमस मिल्नर यानें अशा प्रकारच्या तिजोरीचें पेटंट १८४० सालीं घेतलें. या कामीं उपयोगी पडणाऱ्या जिप्सम या खनिजाच्या वजनाचा सुमारें पांचवा हिस्सा पाणीच असतो. आंच लागली कीं हें पाणी वाफ होऊं लागतें, आणि येणारी उष्णता त्यांतच खर्ची पडते. भांड्यांत पाणी आहे तोंवर भात करपत नाहीं. पाणी आटलें कीं तो खालीं लागतो. तसाच हा प्रकार आहे. यावरून हेंहि ध्यानांत येईल कीं, एकदां मोठ्या आगींतून निघालेली तिजोरी दुसऱ्या आगीच्या वेळीं भरंवशाची राहत नाहीं.

आतां ही शक्ति मोजावयाची कशी? अमेरिकेंत १८९४ सालीं स्थापन झालेली अंडररायटर्स लॅबोरेटरीज ही संस्था तिजोऱ्या भट्टींत घालून पाहते. ‘वर्ग ३५०, एक तास’ या दाखल्याचा अर्थ असा कीं, भट्टी एका तासांत सुमारें ९२७ अंश सेल्सियसपर्यंत तापविली तरी तिजोरीच्या आंतील उष्णतामान ३५० अंश फॅरनहाइट, म्हणजे १७७ अंश सेल्सियस, याच्या वर गेलें नाहीं. कागदास एवढें रक्षण पुरतें. परंतु हल्लीं आपण छायाचित्रें आणि हिशेब ज्या हार्ड डिस्कवर किंवा पेन-ड्राइव्हवर ठेवितों, त्यांस इतकी उष्णता व वाफ सोसत नाहीं. त्यांच्याकरितां ‘वर्ग १२५’ आहे; त्यांत आंतील उष्णतामान सुमारें ५२ अंश सेल्सियसच्या वर जातां कामा नये.

चोरीची कसोटी अगदीं निराळी. तींत परीक्षक तिजोरीची रचना समजून घेऊन छिन्नी, पहार, छिद्रयंत्र इत्यादि हत्यारांनीं तिच्यावर तुटून पडतात. ‘टी. एल. १५’ याचा अर्थ, तिच्या दारानें अशा हत्यारांस पंधरा मिनिटें दाद दिली नाहीं. यांत हत्यार प्रत्यक्ष चालत असेल तेवढाच वेळ धरितात, विसाव्याचा धरीत नाहींत. ‘टी. आर. टी. एल. ३० × ६’ या दाखल्याची तिजोरी हत्यारें आणि धातु कापणारी ज्योत या दोहोंसहि साही बाजूंनीं तीस मिनिटें टक्कर देते.

एका कसोटींत उतरलेली तिजोरी दुसरींत उतरेलच असें मात्र समजूं नये. अग्निरोधक पेटीची भिंत जाड दिसली, तरी पुष्कळदां तिचा पत्रा पातळच असतो, आणि चोर ती साध्या हत्यारांनीं फोडूं शकतो. उलट, भरीव पोलादाची पेटी चोरास थोपवील, पण तींत ऊष्मारोधक थर नसल्यास आंतील कागद वांचणार नाहींत. म्हणून विकत घेतांना ‘मजबूत आहे’ या विक्रेत्याच्या शब्दावर न थांबतां दाखल्याची पट्टी वाचावी, आणि ती कोणत्या संकटाविषयीं व किती मिनिटांविषयीं बोलते हें पाहावें.

आणखी एक गोष्ट. १९०६ सालच्या एप्रिल महिन्यांत सॅन फ्रान्सिस्को शहरीं भूकंप होऊन मोठी आग लागली. ती शमल्यावर ज्यांनीं उतावीळपणें तापलेल्या तिजोऱ्या उघडल्या, त्यांचे कागद बाहेरची हवा लागतांच भडकले. ज्यांनीं कित्येक दिवस धीर धरिला, त्यांचे वांचले. तेव्हां आगीनंतर तिजोरी पूर्ण थंड झाल्याखेरीज उघडूं नये.

ज्या घरीं तिजोरी नाहीं, त्यांनींहि निराश होण्याचें कारण नाहीं. महत्त्वाच्या कागदांची एक नक्कल दुसऱ्या गांवीं आप्तांकडे ठेवावी. भारत सरकारनें २०१५ सालीं सुरू केलेल्या डिजिलॉकरमध्यें मिळतील तीं प्रमाणपत्रें घ्यावीं. त्या माउलीनें एवढें केलें असतें, तर दुय्यम प्रतींसाठीं तिला कचेऱ्यांचे उंबरठे झिजवावे लागले नसते.

मुलांनो, कोणतीहि प्रामाणिक तिजोरी ‘मी कधींच जळणार नाहीं, कधींच फुटणार नाहीं’ असें म्हणत नाहीं. ती इतक्या मिनिटांचें वचन देते आणि तेवढें पाळते. कसर, जंग आणि चोर यांचें भय पृथ्वीवरील प्रत्येक धनास आहे, हें प्रभूनें आपणांस सांगूनच ठेविलें आहे. तें ध्यानांत ठेवून जें आपल्या हातीं सोंपविलें आहे त्याची डोळसपणें राखण करणें, हेंच चांगल्या कारभाऱ्याचें काम होय.