गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया : मंडळींतील स्त्रीपुरुषांकरितां पाठ

भंडारा जिल्ह्यांतील आमच्या भगिनी रोवणीच्या दिवसांत चिखलांत वांकून राबतात, आणि पाळी फार जाणें, पांढरें जाणें, कंबर दुखणें हीं दुखणीं लाजेस्तव लपवितात. मग कोणी सांगतो, "पिशवी काढून टाका, म्हणजे सुटलांत." ह्या सल्ल्याचा विचार कसा करावा, हें आपण पाहूं.

१. काय काढतात? गर्भाशयांत मूल वाढतें व पाळी तेथूनच येते. त्याच्या दोन्ही बाजूंस बीजकोश असतात. त्यांच्या रसानें हाडांस बळ राहतें. नुसतें गर्भाशय काढलें तर पाळी व गर्भधारणा बंद होते. तरुणपणीं बीजकोशही काढले तर अंगाची आग, घाम, झोप न येणें हे त्रास एकदम सुरू होतात व हाडें ठिसूळ होण्याचें भय वाढतें. म्हणून काय काढणार व काय राखणार, हें डॉक्टरांस आधींच विचारावें.

२. केव्हां करावी? गर्भाशयाचा कर्करोग, इतर उपायांनीं न थांबणारा रक्तस्राव, त्रास देणाऱ्या मोठ्या गांठी, अंग बाहेर येणें, अशा प्रसंगीं ही शस्त्रक्रिया मोठा उपकार होय. परंतु केवळ पांढरें जाणें किंवा कंबरदुखी ह्यांकरितां ती करूं नये. रक्तस्रावावरही प्रथम गोळ्या, किंवा गर्भाशयांत बसविण्याचें औषधी साधन, असे उपाय आहेत. "पुढें कर्करोग होईल" एवढ्या धाकानें सही करूं नये. तपासणी करवून दुसऱ्या डॉक्टरांचेंही मत घ्यावें.

३. बीडची साक्ष. २०१९ सालीं बीड जिल्ह्यांतील ऊसतोड करणाऱ्या ८२,३०९ स्त्रियांची पाहणी झाली. त्यांपैकीं १३,८६१ जणींचें गर्भाशय काढलेलें आढळलें. एक दिवस काम चुकलें तर खाड्याचा दंड, अशा स्थितींत पाळीचे दिवसही ओझें वाटूं लागले. अशा अनावश्यक शस्त्रक्रियांस आळा घालण्याचे नियम सर्व राज्यांनीं अंमलांत आणावे, असें सर्वोच्च न्यायालयानें २०२३ सालीं फर्माविलें.

४. पुढें काय होतें? भूल देऊन पोटावरून, खालच्या वाटेनें किंवा दुर्बिणीनें शस्त्रक्रिया करितात. लघवीकरितां कांहीं वेळ नळी ठेवितात. दुसऱ्या दिवसापासून थोडें चालवितात, म्हणजे पायांत रक्त गोठत नाहीं. कांहीं दिवस थोडा रक्तस्राव होतो. पोट चिरलें असल्यास पूर्ण बरें होण्यास सहा ते आठ आठवडे लागतात. तोंवर पाण्याची घागर, भाताचें पोतें, सरपणाचा भारा उचलूं नये, व डॉक्टर सांगत तोंवर पतिपत्नींनीं संग टाळावा. ताप, फार रक्तस्राव, दुर्गंधी स्राव, जखम उघडणें, पोटरी सुजणें, दम लागणें किंवा लघवी अडणें, ह्यांपैकीं कांहींही झालें तर तत्काळ दवाखाना गांठावा. स्त्रीपण पिशवीबरोबर जात नाहीं. तें जातें असें म्हणणाऱ्यांचें ऐकूं नये.

विचारासाठीं प्रश्न : (१) आपल्या घरांतील स्त्री दुखणें कोणास सांगूं शकते? (२) सही करण्यापूर्वीं डॉक्टरांस कोणते प्रश्न विचाराल? (३) रोवणी तोंडावर आली असतां तिला सहा आठवडे विश्रांति मिळावी म्हणून पति, सासू व शेजारी कोणतें काम आपल्या अंगावर घेतील? ह्या तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर पुरुषांनीं द्यावें, अशी आमची विनंति आहे.