स्पॉयलर उंच करताना आटे सांभाळा

कारागीर बंधूंनो, नगर-पुणे रस्त्यावर गाडीचा स्पॉयलर निसटला, तर मागच्या मोटारसायकलवाल्याच्या जिवावर बेतेल. म्हणून उंचीचा तुकडा बसवताना पुढील काळजी घ्यावी.

१) नवा बोल्ट जुन्यापेक्षा तुकड्याच्या जाडीइतकाच लांब घ्यावा. आखूड बोल्ट थोड्याच आट्यांवर तग धरतो; जास्त लांब तळाला टेकून आटे तोडतो.

२) पिच जुळवावा. ६ मिलीमीटरच्या साध्या बोल्टचा पिच १ मिलीमीटर असतो.

३) आटे पुसून बोल्ट आधी उलटा फिरवावा. 'टक्' झाले की बोटांनी सुलटा चढवावा. अडला तर काढावा.

४) सर्व बोल्ट सैल लागल्यावरच छोट्या पान्याने आळीपाळीने आवळावेत.

सुई अडली की शिंपी हात थांबवतो, हे आम्ही कापडवाले रोज पाहतो. गिऱ्हाइकाची गाडी ही अमानत आहे. तिथे जोर नको, हुनर हवा.