मुठीसकट मोजलेला चाकू

पंचनाम्यात माझ्या चाकूची लांबी साडेनऊ इंच नोंदलेली आहे. पाते चार इंचांचे आहे. उरलेली साडेपाच इंचांची निव्वळ शिसवी मूठ काही कापू शकत नाही, एवढी साधी गोष्ट एका सुशिक्षित फौजदारास पटवून देता देता मध्यरात्र उलटली, तरी ती कागदावर उतरली नाही ती नाहीच.

घडीच्या चाकूंचा नाद ज्यांस आहे त्यांना त्याचे समर्थन ऐकवण्याची गरज नाही, आणि ज्यांस नाही त्यांचा गैरसमज माझ्या सांगण्याने दूर होईल असे वाटत नाही. फ्रान्सच्या सावॉय प्रांतात 1890 च्या सुमारास जोसेफ ओपिनेल याने बनवलेला लाकडी मुठीचा चाकू आणि 1955 साली त्याच्या मानेवर पाते जखडण्यासाठी बसवलेले फिरते कडे, किंवा 12 जून 1897 रोजी कार्ल एल्सनर याने नोंदवलेला स्विस चाकू, या वस्तू हाताळताना ज्याला कारागिराच्या बुद्धीचे कौतुक वाटत नाही त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. रामपूरच्या कारागिरांचा खटक्याचा चाकू त्याच कुळातला. हिंदी चित्रपटांनी तो गुंडांच्या हाती दिला हा त्या कारागिरांचा अपराध नव्हे.

माझा खटक्याचा चाकू मी मुंबईतील एका जुन्या वस्तूंच्या दुकानदाराकडून रोख पैसे मोजून घेतला. ‘साहेब, नऊ इंचांच्या आत आहे, खुशाल बाळगा,’ हे त्याचे शब्द. परजिल्ह्यातील आप्तांकडे तो दाखवून मी वसईस परतत असता, सणासुदीच्या बंदोबस्तासाठी लावलेल्या एका नाक्यावर पिशवी तपासण्यात आली. हवालदाराने चाकू हाती घेतला तेव्हा त्याच्या मुद्रेवर केवळ कुतूहल होते. त्याने सहज खटका दाबला, खट् असा आवाज होऊन पाते बाहेर आले, आणि त्या क्षणी आजूबाजूच्या चौघांच्या नजरा ज्या रीतीने माझ्याकडे वळल्या ती रीत मी विसरू शकणार नाही. तोवर मी ‘काका’ होतो; नंतर मी ‘सदर इसम’ झालो.

ठाण्यात मोजणीसाठी कंपासपेटीतील सहा इंची पट्टी आणण्यात आली. ती मुठीच्या बुडाशी लावून, जिथे पट्टी संपली तिथे अंगठ्याच्या नखाची खूण धरून, पट्टी पुढे सरकवून, पात्याच्या टोकापर्यंतचा आकडा मोठ्याने वाचण्यात आला. ‘पाते वेगळे मोजा,’ असे मी म्हणताच फौजदारसाहेब म्हणाले, ‘लांबी म्हणजे लांबी. आम्हाला कायदा शिकवू नका, काका.’ पंच म्हणून बोलावलेल्या दोघा चहावाल्यांनी एक अक्षरही न वाचता सह्या ठोकल्या.

आता कायदा काय म्हणतो ते पाहा. 1959 च्या शस्त्र अधिनियमाखाली झालेल्या नियमांत, 1962 च्या आणि त्यांच्या जागी आलेल्या 2016 च्याही, ज्या चाकूसुऱ्यांचा समावेश पाचव्या वर्गात केला आहे त्यांचे पाते नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद असावे लागते. घरगुती व शेतीच्या कामासाठी घडवलेली हत्यारे त्यातून वगळली आहेत. आणि कलम 4 खाली परवाना लागतो तोही केंद्र सरकारची अधिसूचना त्या प्रदेशास लागू असेल तेव्हाच. वसईच्या वाड्यांतून केळीचे घड उतरवणारा आमचा शेतकरी हातभर कोयता घेऊन रस्त्याने चालतो आणि कायद्याने तो निर्दोष आहे, हे योग्यच आहे. दिल्लीत मात्र 29 ऑक्टोबर 1980 च्या अधिसूचनेने खटक्याच्या, बटणाच्या व गरारीच्या चाकूंसाठी 7.62 सेंटिमीटर लांबीचे व 1.72 सेंटिमीटर रुंदीचे निराळेच माप ठरवले आहे. तेव्हा माझा चार इंची पात्याचा चाकू वसईहून दिल्लीस नेताना त्याची पात्रता प्रवासातच बदलते, हे संग्राहकांनी ध्यानात ठेवावे.

खरा काच आहे तो महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 चा. मनाई हुकूम जारी असता चाकू बाळगणेच वर्ज्य ठरते. तेथे इंचांचा हिशेब चालत नाही, आणि कलम 135 खाली एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते, सामान्यतः चार महिन्यांहून कमी नाही. माझ्यावर हेही कलम लावले होते. वकिलांनी हुकमाची नक्कल मागितली तेव्हा निष्पन्न झाले की त्याची मुदत माझ्या झडतीपूर्वीच संपली होती. न्यायालयात पाते वेगळे मोजले, ते चार इंच भरले, आणि मी सुटलो. नक्कल त्या रात्रीच कोणी वाचली असती तर कोर्टाची पायरी चढावी लागली नसती. पण वाचण्याची तसदी घेणार कोण?

दुकानदाराविषयी लिहिताना लेखणी अजूनही अडखळते, ती रागाने. ठाण्यातून मी त्यास दूरध्वनी केला; त्याने माझे नाव दोनदा विचारले आणि म्हणाला, ‘मी शोभेची वस्तू विकली. खिशात घालायला कोणी सांगितले?’ पावतीवर खरोखरच ‘शोभेची वस्तू’ एवढेच लिहिले होते. तेव्हा खरेदी करताना पावतीवर पात्याची लांबी, रुंदी, उघडण्याची तऱ्हा व विक्रेत्याची सही घ्या. जो लिहून देण्यास कचरतो त्याचे तोंडी आश्वासन कवडीमोलाचे समजा. घरपोच मागवलेल्या मालाचेही तेच. 2018 च्या मे महिन्यात औरंगाबादेत ऑनलाइन मागवलेल्या तलवारी व चाकू पोलिसांनी जप्त केले होते, म्हणजे राजरोस विकले जाते ते बिनधोक असते असे नाही.

खटक्याचा चाकू घरी, कपाटात, कुलुपात ठेवावा. प्रदर्शनास वा आप्तांकडे न्यायचाच असेल तर बंद पेटीत, पावतीसह न्यावा आणि निघण्यापूर्वी तेथे मनाई हुकूम आहे काय, कोणत्या तारखेपर्यंत आणि कोणत्या हद्दीत, हे पाहावे. कलम 37 च्या पोटकलम 3 खालील जमावबंदीचा हुकूम शासनाच्या मंजुरीवाचून पंधरा दिवसांपलीकडे चालत नाही. अधिकाऱ्याशी आवाज चढवू नये. पंचनाम्यात पाते आणि मूठ स्वतंत्र नोंदवण्याचा आग्रह धरावा, तो नाकारल्यास आपल्या सहीशेजारी ‘पाते स्वतंत्र मोजले नाही’ असे स्वहस्ते लिहावे. 1 जुलै 2024 पासून अंमलात आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 105 नुसार झडतीचे व जप्तीचे चित्रीकरण बंधनकारक आहे. त्याची मागणी तेथल्या तेथे करावी. मी केली तेव्हा ‘बॅटरी संपली आहे’ असे उत्तर मिळाले, आणि ते उत्तरही मी वकिलांकरवी न्यायालयापुढे लेखी मांडले.