'मार्ग' की 'बोधि'? : बौद्ध, वैदिक आणि ताओ विचारांतील शब्दविवेक

बुद्धाचे निर्वाण, उपनिषदांचे ब्रह्म आणि लाओत्सेचा ताओ ही एकाच तत्त्वाची तीन नावे होत, असे विधान अलीकडे वारंवार ऐकू येते. विधान करणाऱ्याचा हेतु चांगला असतो. परंतु हेतु चांगला असला म्हणून प्रमेय सिद्ध होत नाही. ज्या साधकाने एका ध्येयासाठी घरदार सोडले, त्याला ते ध्येय कोणते हे नीट ठाऊक असले पाहिजे. ध्येयाविषयी संदिग्धता राहिली तर साधनाविषयीही ती राहते, आणि सर्व आयुष्य वेचूनही माणूस भलत्याच ठिकाणी पोचतो. याउलट, परमताचा अभ्यास न करताच ते त्याज्य ठरवणे हाही दोषच होय. अविचाराने मानलेला अभेद आणि अभिमानाने मानलेला भेद, हे दोन्ही टाळून तुलना कशी करावी, ह्याचा एक उत्तम पाठ सातव्या शतकातील एका प्रसंगातून मिळतो.

१. प्रसंग

चिनी भिक्षु ह्युएन त्संग भारतात अनेक वर्षे राहून इ. स. ६४५ मध्ये चीनला परतला. नालंदा येथे शीलभद्र आचार्यांपाशी त्याने योगाचार मताचे अध्ययन केले होते. सुमारे ६४१ च्या सुमारास तो महाराष्ट्रातही आला होता. चालुक्य राजा दुसरा पुलकेशी, येथील लोकांचा मानी व कृतज्ञ स्वभाव, शंभराहून अधिक संघाराम आणि सुमारे पाच हजार भिक्षु यांचे वर्णन त्याने केले आहे. त्याने उल्लेखिलेला डोंगरातील विहार अजिंठ्याचा असावा, असे बहुतेक अभ्यासक मानतात. त्याच प्रवासात कामरूपाचा राजा भास्करवर्मा याच्याशीही त्याचा निकट परिचय झाला.

पुढे भारतातून परतलेल्या चिनी दूताने सम्राट ताइ-त्सुंग यास कळवले की, कामरूपाच्या राजाला लाओत्सेचा ग्रंथ वाचावयाचा आहे. सम्राटाने ६४७ मध्ये 'ताओ ते चिंग' ह्या ग्रंथाचे संस्कृत भाषांतर करण्याची आज्ञा ह्युएन त्संगास दिली आणि मूळ ग्रंथाचा अर्थ सांगण्यासाठी त्साई ह्वांग, चेंग श्युआन-यिंग इत्यादी ताओमतीय पंडित नेमले. पहिल्याच शब्दावर वाद उपस्थित झाला. 'ताओ' ह्या शब्दाला संस्कृतात काय म्हणावे?

ताओमतीय पंडितांचे म्हणणे असे की, 'बोधि' हा शब्द योजावा. चीनमधील जुन्या बौद्ध भाषांतरांत 'बोधि'साठी 'ताओ' हाच शब्द वापरला गेला होता. मग उलट भाषांतरात 'ताओ'साठी 'बोधि' का नको? ह्युएन त्संगाचे उत्तर असे की, 'बोधि' म्हणजे जागृती, ज्ञान. आणि 'ताओ' ह्या चिनी शब्दाचा अर्थ वाट. वाटेला संस्कृतात 'मार्ग' म्हणतात. जुन्या आचार्यांनी लाओत्सेचे शब्द उसने घेतले, कारण त्या वेळी बुद्धवचन चीनमध्ये नवे होते आणि ते समजावण्यास दुसरे साधन नव्हते. आता अर्थ स्पष्ट झाला असता ती उसनवारी चालू ठेवण्याचे प्रयोजन उरत नाही. ग्रंथाच्या विवरणात माध्यमिक मतातील संज्ञा घालण्यासही त्याने नकार दिला, आणि दात आपटणे, लाळ गिळणे अशा दीर्घायुष्याच्या क्रियांचा उल्लेख असलेली प्रस्तावना भाषांतरित करण्याचेही नाकारले. हा वृत्तान्त त्याचा समकालीन विनयाचार्य ताओ-श्युआन याने लिहून ठेवला आहे. त्या संस्कृत भाषांतराची एकही प्रत आज उपलब्ध नाही.

२. वादाचे मूळ

हा वाद दोन शब्दांपुरता दिसला, तरी त्याच्या मागे पाचशे वर्षांचा इतिहास आहे. आन शिह-काओ हा भाषांतरकार इ. स. १४८ मध्ये लो-यांग येथे आला. त्या काळच्या भाषांतरांत 'निर्वाण' ह्या शब्दासाठी 'वू-वेइ', म्हणजे खटाटोपरहित सहज स्थिति, हा ताओमतीय शब्द येतो. 'तथता' ह्या शब्दासाठी 'मूळचा अभाव' अशा अर्थाचा शब्द येतो. चौथ्या शतकात तर बौद्ध संज्ञांची चिनी ग्रंथांतील संज्ञांशी जोडी लावून शिकवण्याची एक पद्धतीच रूढ झाली होती. शिकणाऱ्याला ती सोपी वाटे. परंतु जोडी लागली की शंका थांबते, आणि शंका थांबली की विचारही थांबतो. 'शून्यता' म्हणजे लाओत्सेचा 'अभाव' असे एकदा मनात बसले की, शून्यता हे जगाचे आदिकारण आहे अशी कल्पना आपोआप उभी राहते. आणि बौद्ध मतात तर तिला मुळीच थारा नाही.

हा दोष प्रथम ताओ-आन (इ. स. ३१२ ते ३८५) याने ओळखला आणि ही पद्धत सोडून दिली. पुढे कुमारजीव इ. स. ४०१ मध्ये चांग-आन येथे आला आणि त्याने ४०९ मध्ये नागार्जुनाच्या मूलमध्यमककारिकेचे, टीकेसह, भाषांतर केले. त्याचा शिष्य सेंग-चाओ आधी लाओत्से व च्वांगत्से यांच्या ग्रंथांचा भक्त होता. विमलकीर्तिनिर्देश वाचून तो बुद्धमताकडे वळला. त्याच्या निबंधांत शब्द पुष्कळदा ताओमतीय आहेत, परंतु सिद्धान्त नागार्जुनाचा आहे. म्हणजे उसना शब्दही विवेकी माणसाच्या हाती निर्दोष ठरू शकतो. विवेक नसता मात्र तोच शब्द सिद्धान्त बुडवतो.

३. तीन मूलतत्त्वे

आता प्रत्यक्ष तत्त्वांचा विचार करू गेल्यास असे दिसते की, तिन्ही परंपरा परमार्थाविषयी निषेधाची भाषा वापरतात. उपनिषदे 'नेति नेति' म्हणतात. लाओत्से ताओला अनाम म्हणतो. नागार्जुन सर्व धर्मांचा स्वभाव नाकारतो. एवढ्यावरून तिन्ही एकच, असा निष्कर्ष काढला जातो. परंतु निषेध केल्यावर शेष काय राहते, हा प्रश्न विचारला की मार्ग वेगळे होतात.

उपनिषदांच्या निषेधानंतर आत्मा शेष राहतो. तो पाहिला जात नाही, कारण तोच पाहणारा आहे. तो चैतन्यस्वरूप आहे. लाओत्सेच्या निषेधानंतर उगम शेष राहतो. त्यापासून सर्व पदार्थ उत्पन्न होतात, त्यातच परततात; परंतु तो जाणणारा नाही, आज्ञा देणारा नाही, निर्माण केलेल्यावर स्वामित्व सांगणारा नाही. नागार्जुनाच्या निषेधानंतर असा कोणताही शेष मानलेला नाही. जे जे हेतुप्रत्ययांनी उत्पन्न होते ते ते शून्य, आणि ही शून्यताही स्वतंत्र वस्तु नव्हे. ती वस्तु मानणाऱ्याला नागार्जुन असाध्य रोगी समजतो. तात्पर्य, एकात द्रष्टा आहे, दुसऱ्यात उगम आहे आणि तिसऱ्यात केवळ प्रतीत्यसमुत्पाद आहे.

ह्या कसोटीवर तो जुना वाद पुन्हा पाहावा. लक्षणाचे तीन दोष न्यायशास्त्रात सांगितले आहेत : अव्याप्ति, अतिव्याप्ति आणि असंभव. 'बोधि' हा शब्द ताओला लावल्यास असंभव दोष येतो. कारण बोधि ही जाणणाऱ्याची अवस्था आहे, आणि ताओच्या ठिकाणी जाणीव मानलेलीच नाही. 'मार्ग' हा शब्द लावल्यास अव्याप्ति येते. कारण मार्ग चालण्यासाठी असतो, त्यातून जग उत्पन्न होत नाही. म्हणजे ह्युएन त्संगाचा शब्दही पूर्ण नव्हता. परंतु अव्याप्तीने अर्थ अपुरा राहतो, असंभवाने तो खोटा ठरतो. अपुरा अर्थ टीकेने भरून काढता येतो. खोटा अर्थ टीकेने अधिकच पसरतो.

येथे एक शंका संभवते. बौद्ध संज्ञा चालत नसेल तर वैदिक दर्शनांतील एखादी संज्ञा का घेऊ नये? ह्युएन त्संगास ती दर्शने अपरिचित नव्हती. वैशेषिकांच्या दशपदार्थशास्त्राचे चिनी भाषांतर त्यानेच ६४८ मध्ये केले. त्यापूर्वी सहाव्या शतकात उज्जयिनीच्या परमार्थाने सांख्यकारिकेचे टीकेसह भाषांतर केले होते, ते सुवर्णसप्तति ह्या नावाने प्रसिद्ध आहे. ब्रह्म ही संज्ञा घेतल्यास चैतन्याचा दोष पुन्हा येतो. सांख्यांची प्रकृति अधिक जवळची वाटते : ती अव्यक्त आहे, अचेतन आहे, सर्व तिच्यातून परिणत होते. परंतु प्रकृति पुरुषाच्या भोगासाठी व मोक्षासाठी प्रवृत्त होते, आणि मोक्ष म्हणजे तिच्यापासून विवेकाने वेगळे होणे. लाओत्सेचा ज्ञानी ताओपासून वेगळा होत नाही. तो त्याच्याकडे परततो. एकाचे बंधन तेच दुसऱ्याचे घर आहे. तेव्हा तीही संज्ञा टिकत नाही.

४. आचारातील साम्य आणि भेद

आचाराच्या बाबतीत मात्र देवाणघेवाण विचाराहून अधिक झालेली दिसते. वर्षाकाळी एके ठिकाणी राहणे, भिक्षेवर निर्वाह करणे, ब्रह्मचर्य व अपरिग्रह हे नियम बौद्ध भिक्षु, जैन मुनि आणि ब्राह्मण परिव्राजक या सर्वांत होते. मैत्री, करुणा, मुदिता व उपेक्षा ह्या चार भावना बौद्ध ब्रह्मविहार म्हणून सांगतात. त्याच चारांचा उपदेश पतंजलीच्या योगसूत्रांत चित्तप्रसादनासाठी केला आहे. अभ्यास एकच. परंतु पतंजलीचा साधक त्या प्रसन्न चित्ताने शेवटी चित्ताहून भिन्न अशा पुरुषाच्या कैवल्यास पोचतो; बौद्ध साधक त्याच प्रसन्न चित्ताने असा पुरुष कोठेही सापडत नाही हे पाहतो. पायऱ्या सारख्या असल्या म्हणून मंदिर एक होत नाही.

ताओमताशी तुलना करता भेद देहाविषयी आहे. श्वास आवरणे, धान्य वर्ज्य करणे, औषधी सिद्ध करणे ह्या उपायांनी देह दीर्घकाळ टिकवावा, शक्य तर अमर करावा, ही ताओपंथातील पुष्कळांची साधना होती. बौद्ध साधक तोच श्वास पाहतो, परंतु अनित्यता जाणण्यासाठी. उलट, मठांची रचना व दीक्षेचे नियम ताओपंथाने बौद्ध संघाकडून बरेच घेतले; आणि ध्यानपंथाने लाओत्से-च्वांगत्सेंची सहजतेची बोली घेतली. 'ध्यान' हा शब्द चीनमध्ये 'छान' आणि जपानमध्ये 'झेन' झाला, तो ह्याच वाटेने.

संघाच्या मर्यादेवरही चीनमध्ये कसोटी आली. भारतात राजा भिक्षूला वंदन करी. चीनमध्ये सर्व प्रजेने सम्राटाला वंदन करावे असा दंडक होता. इ. स. ४०४ मध्ये हुई-युआन याने निबंध लिहून प्रतिपादिले की, गृहस्थ उपासकाने राजाज्ञा पाळावी, परंतु ज्याने संसार सोडला त्याने राजाला वंदन करू नये. परदेशी जाऊन भाषा बदलली, वस्त्र बदलले, भिक्षेऐवजी मठाची शेती आली. परंतु हा मुद्दा त्याने सोडला नाही. काय बदलू द्यावे आणि काय बदलू देऊ नये, हे त्याला कळले होते.

५. पोटात घेण्याची वृत्ति

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. लाओत्से पश्चिमेस जाऊन बुद्ध झाला, अशी कथा चीनमध्ये इ. स. १६६ इतक्या पूर्वी प्रचलित होती. पुढे तिच्यावर स्वतंत्र ग्रंथही झाला. इकडे पुराणांनी बुद्धाला विष्णूच्या अवतारांत स्थान दिले आणि त्याचे कार्य असुरांना मोहित करण्याचे ठरवले. दोन्हीकडे वंदन केले, आणि वंदन करताना उपदेश मात्र बाजूला ठेवला. बौद्धांनीही हेच केले. लाओत्से हा महाकाश्यपाचा अवतार, असे सांगणारे ग्रंथ चीनमध्ये रचले गेले. अशा कथांचा परिणाम शेवटी द्वेषातच झाला. कुब्लाईच्या अध्यक्षतेखाली १२५८ मध्ये ह्याच कथेवरून मोठा वाद झाला, आणि १२८१ मध्ये ताओ ते चिंग वगळून अनेक ताओमतीय ग्रंथ जाळण्याची आज्ञा निघाली. खोट्या अभेदातून ऐक्य निर्माण झाले नाही. आग निर्माण झाली.

६. निष्कर्ष

एवढ्या विवेचनावरून तुलनेचे तीन नियम निष्पन्न होतात. पहिला : परमतातील शब्दाचा अर्थ त्याच मतातील प्रकरणाला धरून करावा, सूत्राचा अर्थ प्रकरण सोडून करू नये ही शिस्त ज्यांना लहानपणापासून आहे, त्यांना हा नियम नवा नाही. दुसरा : साम्य आढळल्यास ते आचारात आहे, भाषेत आहे की सिद्धान्तात आहे, हे निवडावे, एका ठिकाणचे साम्य दुसऱ्या ठिकाणी नेऊ नये. तिसरा : निषेध कोठे थांबतो आणि त्यानंतर काय शेष राहते, हे प्रत्येकाला विचारावे.

ह्युएन त्संगास लाओत्सेचा उपदेश मान्य नव्हता. तरीही त्याने त्या ग्रंथाला आपल्या मताचे वस्त्र नेसवले नाही. लाओत्सेचा शब्द लाओत्सेचाच राहू दिला. त्याने तसे केले नसते तर कामरूपाच्या राजाला ताओच्या नावाखाली बुद्धमतच वाचावयास मिळाले असते, आणि आपण काही नवे जाणले असा त्याचा भ्रम झाला असता. परमताचा खरा आदर तो याहून वेगळा नाही. आणि ज्याला परमत जसे आहे तसे पाहता येते, त्यालाच स्वमत कोठे वेगळे आहे हे निश्चयाने सांगता येते.