विश्वास ठेवण्यापूर्वी शहानिशा

मोबाईलवर 'अस्सलामु अलैकुम' असा एक संदेश येतो. लिहिणारा स्वतःला परदेशात नोकरी करणारा डॉक्टर किंवा अभियंता म्हणवितो. पत्नीचे निधन झाल्याचे सांगतो. नमाज झाली का, जेवण झाले का, अशी रोज आपुलकीने विचारपूस करतो. काही आठवड्यांतच निकाहचा विषय निघतो. मग एके दिवशी तो भेटवस्तूंचे पार्सल पाठविल्याचे कळवितो आणि लगेच विमानतळावरील कस्टम्स अधिकारी म्हणवून घेणाऱ्या कुणाचा तरी फोन येतो : "पार्सलमध्ये परकीय चलन सापडले आहे, शुल्क भरा." शुल्क भरले की दंड, दंड भरला की प्रमाणपत्राचा खर्च. देणाऱ्याजवळचा पैसा संपला की तो 'डॉक्टर'ही नाहीसा होतो. विवाह जुळविणाऱ्या संकेतस्थळांवरून व समाजमाध्यमांवरून सुरू होणारी ही फसवणूक आपल्या देशात वारंवार घडत आहे.

अशी बातमी वाचून आपण सहज म्हणतो, "एवढी शिकलेली बाई, तिला कळले कसे नाही?" परंतु येथे प्रश्न शिक्षणाचा नसतो.

माणूस का फसतो?

पती-पत्नीच्या नात्यात मनःशांती, प्रेम आणि दया ठेवली असल्याचे अल्लाहने सूरह अर्-रूममध्ये (३०:२१) सांगितले आहे. या शांतीची ओढ हा दोष नव्हे, ती मानवी प्रकृती आहे. विधवा, घटस्फोटित, वय उलटलेले अविवाहित, मुले दूर गेल्याने एकटे पडलेले वृद्ध यांना ही ओढ असतेच. मात्र त्यांच्या पुनर्विवाहाचा विचार आपण क्वचितच करतो. समाजाने मोकळी सोडलेली ही जागा ठग हेरतो.

त्याची रीत ठरलेली असते. रोजच्या विचारपुशीने तो सवय लावतो. "सध्या घरी काही बोलू नकोस," असे सांगून सल्ला देणाऱ्यांपासून तोडतो. आरंभी लहान रक्कम मागतो. एकदा पैसे दिले की ते बुडू नयेत म्हणून माणूस आणखी देत राहतो. धार्मिक भाषा हा तर त्याचा सर्वांत सोपा बुरखा!

इस्लामची कसोटी

हजरत उमर (रजि.) यांच्यासमोर एकाने दुसऱ्याच्या चारित्र्याची ग्वाही दिली, तेव्हा त्यांनी विचारल्याचे वर्णन आढळते : तू त्याचा शेजारी आहेस काय? त्याच्याशी पैशांचा व्यवहार केला आहेस काय? त्याच्यासोबत प्रवास केला आहेस काय? तिन्ही उत्तरे नकारार्थी आली, तेव्हा तू त्याला ओळखत नाहीस, असा निर्वाळा त्यांनी दिला. पडद्यावरच्या ओळखीला हेच तीन प्रश्न विचारून पाहावेत.

हजरत फातिमा बिन्त कैस (रजि.) यांना दोन स्थळे आली, तेव्हा त्यांनी प्रेषित (स.) यांचा सल्ला घेतला. प्रेषितांनी (स.) एकाची निर्धनता व दुसऱ्याचा कठोर स्वभाव स्पष्टपणे सांगितला आणि हजरत उसामा (रजि.) यांचे स्थळ सुचविले. सहीह मुस्लिममधील या हदीसवरून कळते की विवाहापूर्वीची चौकशी हा संशयखोरपणा नाही. बातमी आणणाऱ्याची शहानिशा करण्याचा आदेश तर सूरह अल-हुजुरातमध्येच (४९:६) आहे.

महर पुरुषाने स्त्रीला द्यावयाचा असतो (४:४). मग निकाहचे वचन देऊन स्त्रीकडेच पैसे मागणाऱ्याविषयी वेगळा पुरावा कशाला हवा? निकाहला साक्षीदार लागतात. ठगाला मात्र गुप्तता हवी असते. जो नातेसंबंध चारचौघांत आणण्याचे टाळतो, तो निकाहच्या वाटेवर नाहीच.

व्यवहारात काय करावे?

स्थळ येताच वली वा घरातील जबाबदार व्यक्तीस सांगावे. नाव, घर, नोकरी आणि मशिदीचा परिसर यांची चौकशी ओळखीच्या माणसांमार्फत करावी. छायाचित्र दुसऱ्याचेच नाही ना, हे इंटरनेटवर शोधून पाहावे. आता चित्रफीतही बनावट करता येते, म्हणून प्रत्यक्ष भेटीला पर्याय नाही. प्रत्यक्ष न भेटलेल्या व्यक्तीला पैसे, ओटीपी किंवा खासगी छायाचित्रे कदापि देऊ नयेत. कस्टम्सचे शुल्क कुणाच्या वैयक्तिक खात्यात भरावयाचे नसते.

पैसे गेलेच, तर लाजेपोटी वेळ दवडू नये. १९३० या क्रमांकावर व बँकेत तत्काळ कळवावे; रक्कम पुढे सरकण्यापूर्वी ती गोठविता येण्याची शक्यता असते. संदेश व पावत्या जपून ठेवाव्यात. "बुडालेले पैसे मिळवून देतो," म्हणत शुल्क मागणाऱ्या नव्या माणसापासून सावध राहावे. श्रद्धावंत एकाच बिळातून दोनदा दंश करून घेत नाही, ही प्रेषित (स.) यांची शिकवण येथे तंतोतंत लागू पडते.

आपली जबाबदारी

फसलेल्या व्यक्तीची चर्चा मोहल्ल्यात करणे हा दुसरा अन्याय आहे. बोभाटा होईल या भीतीने पीडित गप्प राहतो आणि ठग पुढच्या दाराशी जातो. आपल्या बांधवाचे वैगुण्य झाकणाऱ्याचे वैगुण्य अल्लाह झाकतो, हे आपण विसरू नये. हजरत खदीजा (रजि.) विधवा होत्या. व्यापारातील सचोटी पाहून, सोबत गेलेल्या मैसराकडून हकीकत ऐकून त्यांनी प्रेषित (स.) यांच्याशी विवाह केला. पारखही होती आणि पुनर्विवाहही होता. आज आपल्या वस्तीतील किती विधवांना आपण हे दोन्ही देतो?

अल्लाह आम्हा सर्वांना विवेक देवो आणि एकाकी बांधवांचा आधार होण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.