जमाखर्चाची दुसरी वही



दहावीच्या वर्गात पर्यावरणाचा धडा शिकवून झाला आणि एका मुलीने हात वर केला. "बाई, माझी आई घरी फराळाचे पदार्थ करून विकते. रोज शेगडी पेटते, तेल लागते, प्लॅस्टिकच्या पिशव्या लागतात. मग आईने धंदा बंद करायचा का?"

वर्ग हसला. मला मात्र हसू आले नाही, कारण त्याच धंद्यातून तिची फी भरली जाते, हे मला ठाऊक होते. शेव-चिवडा, पोळी-भाजीचे डबे, दिवाळीचा फराळ, लहानसे नमकीनचे दुकान यांवर इंदूरमधील कितीतरी मराठी घरे उभी आहेत. पर्यावरण राखायचे म्हणून त्यांची शेगडी विझवा, असे कोणी सांगत असेल तर ते शिक्षण नव्हे. पण शेगडी पेटती ठेवून तिची झळ कमी करता येते का, हा प्रश्न अभ्यासाचा आहे. त्या मुलीला वर्गात दिलेले अर्धवट उत्तर आज येथे पूर्ण करीत आहे.

आधी लिहा, मग करा

प्रत्येक दुकानदाराकडे जमाखर्चाची वही असते. पैसा कोठून आला व कोठे गेला, हे तिच्यात कळते. आता शेजारी दुसरी वही ठेवा. तिच्यात पाच खाती असावीत : कच्चा माल, गॅस, वीज, पाणी आणि कचरा. आठ दिवस काहीही बदल न करता केवळ नोंद करा. किती किलो माल केला, किती विकला, किती उरला? सिलिंडर कोणत्या तारखेला लावले? मीटरवरचा आकडा काय? किती तेल ओतले आणि किती काढून टाकले?

हे काम दहावीची मुले सहज करू शकतात. वजनकाटा, वही आणि पेन्सिल एवढेच साहित्य लागते. नोंद न करता केलेली सुधारणा बहुधा चुकीच्या जागी होते. आपण दारावरच्या पाटीला हिरवा रंग देतो आणि खरी गळती आत भटारखान्यात चालूच राहते.

पहिले खाते : उरलेला माल

समजा, १० किलो चिवडा केला आणि त्यातला १ किलो खवट होऊन टाकावा लागला. आपण म्हणतो, "किलोभर पोहे वाया गेले." पण त्या एका किलोत शेंगदाणे, डाळवे, तेल, गॅस, पिशवी आणि करणाऱ्याचा वेळही आहे. दहातला एक किलो फेकला, म्हणजे त्या दिवशी जे जे वापरले त्याचा दहावा हिस्सा फेकला. म्हणून पर्यावरणाचा सर्वांत मोठा तोटा पुष्कळदा कचऱ्याच्या पिशवीत नसून अंदाज चुकण्यात असतो.

उपाय जुनेच आहेत. मागणी घेऊन माल करावा. एकदम मोठा घाणा काढण्याऐवजी आठवड्यातून दोनदा लहान घाणे काढावेत. प्रत्येक डब्यावर तारीख लिहावी आणि आधी केलेला माल आधी विकावा. यात नवीन यंत्र नाही, कर्ज नाही, आणि बचत पहिल्या आठवड्यापासून दिसते.

दुसरे खाते : गॅस

येथे रसायनशास्त्राचा एक प्रश्न येतो. १ किलो स्वयंपाकाचा गॅस जाळला तर सुमारे ३ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. एकाचे तीन कसे झाले? गॅसमधील कार्बन हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावतो, आणि वाढीव वजन त्या ऑक्सिजनचे असते. प्रोपेनचा रेणुभार ४४. त्यातील कार्बनच्या तीन अणूंपासून कार्बन डायऑक्साइडचे तीन रेणू होतात, त्यांचा भार ३ × ४४ म्हणजे १३२. वहीत करून पाहा, बरोबर तिप्पट येते. म्हणजे १९ किलोचे एक व्यावसायिक सिलिंडर संपले की सुमारे ५७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत गेला. (घरगुती १४.२ किलोचे सिलिंडर धंद्यासाठी वापरणे नियमात बसत नाही, हेही पालकांनी लक्षात घ्यावे.)

समजा, एक सिलिंडर १० दिवस पुरते. काळजी घेतली आणि ते ११ दिवस पुरले, तर वर्षाच्या ३०० कामाच्या दिवसांत ३० ऐवजी सव्वासत्तावीस सिलिंडर लागतील. पावणेतीन सिलिंडरांचे पैसे वाचले आणि सुमारे १५५ किलो कार्बन डायऑक्साइडही वाचला.

काळजी घ्यायची म्हणजे काय? ज्योत निळी हवी. ती पिवळी दिसली आणि कढईच्या बुडाला काजळी धरली, तर गॅस पुरता जळत नाही असे समजावे आणि बर्नर साफ करून घ्यावा. ज्योत कढईच्या बाहेर फाकू देऊ नये. डाळ-तांदूळ भिजत घालून कुकरला लावावेत. पाण्याला उकळी आली की ज्योत बारीक करावी. १ लिटर पाणी २५ अंशांवरून १०० अंशांपर्यंत न्यायला ७५ किलोकॅलरी पुरतात, पण तेच पाणी सगळे वाफ करायला आणखी ५४० किलोकॅलरी लागतात. उकळी आल्यावर मोठी ज्योत ठेवली तर भाजी लवकर शिजत नाही, केवळ वाफ जास्त होते.

तिसरे खाते : तळणीचे तेल

आमच्या गल्लीत एकदा गटार तुंबले. सफाई कामगाराने आतून मेणासारखे पांढरे गोळे काढले. ते शेजारपाजारच्या स्वयंपाकघरांतून ओतलेले तेल-तूप होते, आणि त्यात आमच्याही घरचे होते. तेल गटारात थिजते. नाल्यात पोचले तर पाण्यावर तवंग धरते आणि हवेतील ऑक्सिजन पाण्यात मिसळू देत नाही.

तेच तेल पुन्हापुन्हा तापवले तर त्यात आरोग्याला घातक घटक साठत जातात. त्यांना 'एकूण ध्रुवीय संयुगे' म्हणतात. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून त्यांची मर्यादा २५ टक्के ठरवली आहे. त्यापुढचे तेल खाण्यास अयोग्य समजले जाते. ऑगस्ट २०१८ मध्ये प्राधिकरणाने असे तेल गोळा करून त्यापासून बायोडिझेल बनवण्याचा उपक्रमही सुरू केला. दिवसाला ५० लिटरहून अधिक तेल वापरणाऱ्या व्यावसायिकांनी त्याची नोंद ठेवणे अपेक्षित आहे.

लहान दुकानाने काय करावे? प्रत्येक घाण्यानंतर झाऱ्याने चुरा काढावा, कारण राहिलेला चुरा जळतो आणि तेल लवकर काळे करतो. तेलातून धूर येईपर्यंत ते तापवू नये. काम संपल्यावर तेल गाळून, झाकून ठेवावे. खराब झालेले तेल डब्यात साठवून अधिकृत संकलकाला द्यावे. ते हातगाडीवाल्याला स्वस्तात विकू नये, कारण ते पुन्हा कोणाच्या तरी मुलाच्या पोटातच जाईल.

चौथे खाते : वीज आणि पाणी

एक हिशेब करू. जुना पंखा सुमारे ७५ वॉट वीज घेतो, तर नवा बीएलडीसी पंखा ३० वॉटच्या आसपास. फरक ४५ वॉट. रोज १२ तास, वर्षाला ३०० दिवस पंखा चालला तर १६२ युनिट वाचतात. युनिटला ८ रुपये धरले तर १,२९६ रुपये झाले. पंखा ३,००० रुपयांना मिळाला असे धरले, तर साधारण २ वर्षे ४ महिन्यांत किंमत वसूल होते. आपल्या देशात एक युनिट विजेमागे सरासरी ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. त्या हिशेबाने वर्षाला सुमारे ११३ किलो वाचला.

मात्र चालता पंखा लगेच फेकू नका. तो बिघडला की नवा आणताना विचार करा. फ्रीज भिंतीला चिकटवून किंवा शेगडीजवळ ठेवू नये, आणि दाराचे रबर सैल झाले असेल तर बदलावे.

पाण्यातही वीज असते. इंदूरला नर्मदेचे पाणी सुमारे ७० किलोमीटरवरील जलूदहून पंपांनी वर चढवून आणले जाते. नळ वाहता ठेवला की तिकडचा पंपही आपल्यासाठी फुकट चालतो. तांदूळ-डाळ धुतलेले पाणी झाडांना घालणे ही आजीची सवय पुन्हा अंगी लावून घ्यायला हरकत नाही.

पाचवे खाते : पिशवी आणि कचरा

१ जुलै २०२२ पासून प्लॅस्टिकच्या थाळ्या, पेले, चमचे, स्ट्रॉ यांवर देशभर बंदी आहे. मिठाईच्या खोक्याभोवती गुंडाळण्याची पातळ फिल्मही त्या यादीत आहे, हे पुष्कळ दुकानदारांना माहीत नसते. ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉनपेक्षा पातळ हातपिशव्याही चालत नाहीत. मग वर्तमानपत्रात भजी बांधावीत का? नाही. छपाईची शाई अन्नात उतरते, म्हणून त्यालाही मनाई आहे. कागदी पेल्याला आतून प्लॅस्टिकचा पातळ थर असतो, तेव्हा तोही निर्दोष नव्हे.

येथे एक खरी अडचण आहे. चिवडा साध्या कागदी पुड्यात बांधला तर पावसाळ्यात दोन दिवसांत सादळतो. मग पिशवी वाचली आणि चिवडा वाया गेला! पहिल्या खात्यात पाहिले, की हा तोटा अधिक मोठा आहे. म्हणून टिकाऊ मालाला घट्ट बंद पिशवी असू द्यावी. त्याच दिवशी खायच्या मालासाठी आणि रोजच्या गिऱ्हाइकासाठी "घरचा डबा आणा" हा नियम करावा आणि डबा आणणाऱ्याला मूठभर माल जास्त घालावा.

ओला-सुका कचरा वेगळा ठेवण्याची सवय इंदूरला आहेच. स्वच्छ सर्वेक्षणात २०१७ पासून २०२३ पर्यंत लागोपाठ ७ वेळा आपले शहर पहिले आले, २०२३ मध्ये सुरतबरोबर विभागून. १९ फेब्रुवारी २०२२ रोजी देवगुराडिया येथील प्रकल्पाचे उद्घाटन झाले. दिवसाला ५५० टन ओल्या कचऱ्यापासून वायुइंधन व खत बनवण्याची त्याची क्षमता आहे. पण एका सालपटांच्या बादलीत एक प्लॅस्टिकची पिशवी टाकली, तर कोणाला तरी ती हाताने काढावी लागते, हे विसरू नये.

त्या मुलीला उत्तर

सगळेच उपाय पैसे वाचवतात, असे मी म्हणणार नाही. उसाच्या चिपाडाची थाळी प्लॅस्टिकपेक्षा महाग पडते. तेल वेळेवर बदलले की खर्च वाढतो. हा वाढीव भार एकट्या आईने का सोसावा? काही वाटा गिऱ्हाइकाचाही आहे. शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी फराळ मागवताना आपण सर्वांत कमी भाव तेवढाच पाहतो. यंदा विश्वस्त मंडळींनी "स्टीलच्या डब्यांतून माल द्या, चार पैसे अधिक देऊ" असे म्हटले, तर त्या आईला पुढचे पाऊल टाकणे सोपे होईल.

तेव्हा मुली, आईने धंदा बंद करायचा नाही. तू फक्त एक वही घेऊन तिच्याजवळ बस.

स्वाध्याय

१. ब्युटेनचा रेणुभार ५८ आहे व त्यात कार्बनचे चार अणू असतात. १ किलो ब्युटेनपासून किती कार्बन डायऑक्साइड होईल?

२. तुमच्या घरचे सिलिंडर किती दिवस पुरते, याची सलग तीन वेळा नोंद करा.

३. ५० वॉटच्या जुन्या ट्यूबऐवजी २० वॉटची एलईडी ट्यूब लावली आणि ती रोज ८ तास चालली, तर ३०० दिवसांत किती युनिट वाचतील?

४. ओळखीच्या एका दुकानदाराला विचारून त्याच्या पाच खात्यांपैकी सर्वांत मोठी गळती कोणती, ते दहा ओळींत लिहा. दुकानदाराला दोष देऊ नका, त्याची अडचणही लिहा.