कॅमशाफ्ट आणि इंजिनाचें डोकें

गेल्या हिवाळ्यांत आम्ही वरच्या वर्गांतील कांहीं विद्यार्थ्यांस घेऊन नांदेड येथील एका मोटार-दुरुस्तीच्या कारखान्यांत गेलों होतों. तेथें फळीवर एक पिस्टन ठेविला होता. त्याच्या माथ्यावर चंद्रकोरीसारखी खोल खूण उमटली होती व शेजारीं एक वांकलेला व्हॉल्व्ह पडला होता. इंजिन लातूरकडील एका तरुणाच्या मोटारसायकलचें. वडिलांनीं सोयाबीनच्या पैशांतून घेऊन दिलेली गाडी अधिक वेगानें पळावी म्हणून त्यानें शर्यतीचा कॅमशाफ्ट आणून बसविला. इंजिनाच्या हेडास मात्र हात लाविला नाहीं. अहमदपूर मागें टाकून लोह्याजवळ गाडी भरधांव सोडली, तोंच आंतून खाड्‌कन आवाज झाला. चूक कोठें झाली, असें एका मुलानें विचारतांच मिस्त्री म्हणाले, "मापच घेतलं नाही, दुसरं काय!" हें माप कशाचें, तें येथें सांगावयाचें आहे.

कॅमशाफ्ट म्हणजे अंडाकृति उंचवटे असलेला दांडा होय. उंचवटा रॉकरला उचलतो, रॉकर व्हॉल्व्हला खालीं दाबून उघडतो, आणि मिटण्याचें काम स्प्रिंग करते. चार स्ट्रोकच्या इंजिनांत मुख्य दांड्याचे दोन फेरे होतात तेव्हां कॅमशाफ्टचा एक होतो. आपल्याकडे विहिरीवर चालणारें पांच अश्वशक्तीचें डिझेल इंजिन बहुधा मिनिटास १५०० फेरे घेतें. म्हणजे त्याचा प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदास साडेबारा वेळां उघडतो. मोटारसायकल ८००० फेऱ्यांवर गेली कीं हाच आंकडा सुमारें ६७ होतो! डोळ्याची पापणी एकदां लवते न लवते तोंच व्हॉल्व्ह कित्येकदां उघडून मिटलेला असतो.

शर्यतीच्या कॅमशाफ्टचा उंचवटा अधिक उंच व अधिक रुंद असतो. त्यामुळें व्हॉल्व्ह जास्त उचलला जातो व जास्त वेळ उघडा राहतो. पण किती उचलावा? येथें भूमितीच्या तासाची आठवण करावी. व्हॉल्व्हच्या तोंडाचें क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाला पाय् नें गुणून चारानें भागल्यास मिळतें; उचललेल्या व्हॉल्व्हच्या भोंवतीं जी फट पडते तिचें क्षेत्रफळ म्हणजे परीघ गुणिले उंची. दोन्ही समान मांडून पाहा, उंची व्यासाच्या चतुर्थांशाएवढी निघते. ३२ मिलिमीटर व्यासाचा व्हॉल्व्ह ८ मिलिमीटर उचलला म्हणजे त्याच्या भोंवतालची वाट तोंडाएवढी झाली. त्यापुढें फारसा लाभ नाहीं. मग अडचण हेडांतील मार्गाची असते, आणि तो मार्ग घांसून नीट केल्यावांचून उंच कॅमचा उपयोग अर्धाच होतो.

आतां हेडाकडे वळूं. पहिला प्रश्न स्प्रिंगचा. व्हॉल्व्ह जास्त दबला कीं स्प्रिंगचे वेढे एकमेकांस भिडूं शकतात; तसें झालें तर कांहींतरी मोडणारच. म्हणून पूर्ण दाबल्यावरहि सर्व वेढ्यांत मिळून दीड मिलिमीटरच्या आसपास मोकळीक ठेवितात. शिवाय वेग दुप्पट झाला कीं व्हॉल्व्हला परत फिरविण्यास लागणारें बल चौपट होतें. जुनी मऊ स्प्रिंग तेथें कमी पडते, व्हॉल्व्ह वेळेवर मिटत नाहीं, आणि वर येणारा पिस्टन त्याला गांठतो. जाड स्प्रिंग घालावयाची तर तिची बैठक रुंद कापावी लागते. स्प्रिंगवरील टोपी खालीं येऊन गाईडच्या माथ्यावर आदळत असेल तर गाईड तासून आंखूड करावें लागतें.

दुसरा प्रश्न पिस्टनचा, आणि येथें चांगले चांगले फसतात. व्हॉल्व्ह पूर्ण उघडतो तेव्हां धोका, असें वाटतें. परंतु त्या वेळीं पिस्टन बराच खालीं असतो. खरी गांठ पडते ती धूर बाहेर जाण्याच्या अखेरीस, पिस्टन माथ्याशीं आला असतां दोन्ही व्हॉल्व्ह थोडे थोडे उघडे असतात तेव्हां. तेथें आंत ओढणाऱ्या व्हॉल्व्हपाशीं सुमारें २ व धूर सोडणाऱ्यापाशीं सुमारें अडीच मिलिमीटर अंतर राखण्याची रीत आहे; दुसरा अधिक तापतो व वाढतो. हेड घांसून दाब वाढविण्याचा मोह झाला तर हें अंतर आणखी घटतें.

ह्या विद्येचें एक मोठें केंद्र आपल्या शेजारींच आहे, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. औसा-तुळजापूरवरून सोलापुरास गेलें कीं तेथें १९९२ सालीं यतीन शहा ह्यांनीं स्थापिलेली प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही कंपनी आहे. तिचे कॅमशाफ्ट देशोदेशींच्या मोटारींत बसतात. ओतीव लोखंडाच्या कॅमशाफ्टची एक कृति अशी कीं सांच्यांत उंचवट्यापाशीं लोखंडाचे थंड तुकडे ठेवितात. रस तेथें झटकन निवतो व उंचवट्याचें कवच अत्यंत कठीण होतें. कित्येक जण जुना कॅमच घांसून 'शर्यतीचा' करितात. तळाचा गोल भाग लहान केला कीं उंचवटा आपोआप उंच ठरतो खरा, पण घांसतांना तेंच कठीण कवच उडण्याचें भय असतें, आणि रॉकर खालीं उतरल्यामुळें त्याचें टोंक व्हॉल्व्हच्या मध्यावर न टेकतां कडेला घांसतें.

आणि एवढें सर्व करून मिळतें काय? वरच्या वेगांत जोर, खालच्या वेगांत तोटा; कारण उशिरां मिटणाऱ्या व्हॉल्व्हमधून संथ गतींत आंत आलेला वायु परत बाहेर ढकलला जातो. बालाघाटाच्या चढावर दोन माणसें व धान्याचें पोतें नेणाऱ्या गाडीस हा सौदा आमच्या मतें घाट्याचा आहे. शिवाय १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें कलम ५२ पालकांनीं अवश्य पाहावें. उत्पादकानें ठरविलेल्या मूळ रचनेंत मालकाला मन मानेल तसा फेरफार करितां येत नाहीं. शर्यतीच्या मैदानाची गोष्ट निराळी.

त्या दिवशीं मिस्त्रींनीं नवा पिस्टन व नवे व्हॉल्व्ह घातले आणि मुलांकडून परीक्षा करविली. पिस्टनच्या माथ्यावर मऊ माती थापली, व्हॉल्व्हला तेल लाविलें, हेड आवळून इंजिन हातानें दोन फेरे फिरविलें, मग हेड काढून माती पात्यानें कापली. मूळ कॅम असतां सर्वांत पातळ जागीं माती ३ मिलिमीटर भरली. शर्यतीचा कॅम घातल्यावर जेमतेम अर्धा. हळू फिरवितांना तेवढेंहि पुरलें होतें. लोह्याच्या रस्त्यावर मऊ स्प्रिंग मागें पडली, तेव्हां पुरलें नाहीं. तो तरुण बराच वेळ ती माती बोटांत धरून पाहत होता. गाडींत मूळ कॅमशाफ्ट बसला, आणि दुसरा त्यानें वर्तमानपत्रांत गुंडाळून घरीं नेला.